पाच मिलिलिटरचा प्रवास

[दृश्य: सिरिंज पंपाचा पडदा, अगदी जवळून]

खोकल्याच्या औषधाचं छोटं टोपण. पाच मिलिलिटर. एवढंच औषध मेंदूच्या ऊतीत एका कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, मिनिटाला पाच मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) या वेगाने सोडायचं ठरवलं, तर 16 तास 40 मिनिटं लागतात. पंपाकडे टक लावून बसलं तरी तो चालू आहे की बंद, ते डोळ्यांना कळत नाही.

हा सगळा खटाटोप डीआयपीजी (डिफ्यूज इन्ट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा) नावाच्या कर्करोगाच्या गाठीसाठी. ती होते मेंदूच्या खोडात, पॉन्स या भागात, आणि बहुतेक वेळा पाच ते दहा वर्षांच्या मुलांना. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, सगळ्यांच्या नसा इथूनच जातात, आणि गाठीच्या पेशी या निरोगी ऊतीत विणल्यासारख्या मिसळलेल्या असतात. त्यामुळे ती कापून काढता येत नाही. सहा आठवडे रेडिएशन, साधारण 54 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), दिलं की मूल काही महिने सावरतं. मग गाठ परत वाढते. निम्म्याहून जास्त मुलं निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत.

गाठीच्या पेशी मारणारी औषधं प्रयोगशाळेत सापडली आहेत. 2015 मध्ये पॅनोबिनोस्टॅट या औषधाने प्रयोगशाळेत या पेशींवर चांगला परिणाम दाखवला. अडतं ते पोहोचण्यापाशी. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं रक्तातच राहतात. एखादं आत शिरलंच, तर पेशीपटलातले प्रथिनांचे पंप ते परत बाहेर टाकतात. इतर अनेक गाठींमध्ये हा अडथळा फाटलेला असतो. डीआयपीजीत तो बराचसा शाबूत राहतो.

[दृश्य: कॅथेटरचं टोक, भिंगाखाली]

म्हणून अडथळ्याला वळसा घालायचा. 1994 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी ही पद्धत मांडली: बारीक कॅथेटर थेट ऊतीत घालायचा आणि हलक्या, सततच्या दाबाने द्रव पेशींमधल्या फटींतून पुढे ढकलायचा. मेंदूच्या आकारमानाचा सुमारे पाचवा भाग अशा फटींचा असतो. त्यामुळे एक मिलिलिटर द्रव त्याहून कितीतरी मोठ्या भागात पसरतो. प्रत्यक्षात तिपटीच्या आसपास.

ऐकायला सोपं वाटतं. पण वेग थोडा वाढला की द्रव पुढे जाण्याऐवजी कॅथेटरच्या बाहेरच्या कडेने मागे येतो. यासाठी टोकाजवळ पायरी ठेवतात: पुढचा भाग बारीक, मागचा जाड, म्हणजे मागे येणारं द्रव त्या पायरीशी अडतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो ऊतीत शिरून वाट बिघडवतो. टोक मेंदूभोवतालच्या पाण्याच्या पोकळीजवळ गेलं, तर औषध सगळं तिकडेच वाहून जातं आणि गाठ कोरडी राहते. आणि पॉन्समध्ये सुजेला जागाच नसते. मूल भुलीखाली असेल तर डोळा तिरका होतोय, हात जड वाटतोय, हे सांगणार कोण?

ब्रिटनमधल्या ब्रिस्टलमध्ये न्यूरोसर्जन स्टीव्हन गिल आणि अभियंत्यांनी यावर वाट काढली. चार कॅथेटर आत बसवायचे आणि त्यांचं बाहेरचं तोंड कानामागच्या हाडात रोवलेल्या छोट्या पोर्टमध्ये आणायचं. मग दर वेळी शस्त्रक्रिया नको. मूल जागं असताना, त्याच्याशी बोलत बोलत औषध पुन्हा पुन्हा देता येतं.

पॅनोबिनोस्टॅटचा पेच वेगळा. मूळ रूपात ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूच्या कोशात घालून त्याचं द्रावण करावं लागलं. हे काम सर्जनचं नाही, औषधनिर्माण शास्त्रज्ञाचं. आणि द्रावण तयार झालं तरी प्रमाण चढलं की निरोगी ऊतीला इजा होते, हे आधी प्राण्यांत तपासावं लागतं. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, मुलाचा हजार ग्रॅमहून जास्त. औषधाने तिथे गाठलेलं अंतर इथे गाठता येईलच असं नाही.

[दृश्य: पेट स्कॅन, पॉन्समधला उजळ ठिपका]

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात याच पद्धतीने 28 मुलांवर एका प्रतिपिंडाची, म्हणजे गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या प्रथिनाची, चाचणी झाली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. त्या प्रतिपिंडाला किरणोत्सारी आयोडीन-124 जोडलेलं होतं, त्यामुळे औषध स्वतःच पेट स्कॅनवर दिसत होतं. चाचणी सुरक्षिततेपुरती होती, तरी आमच्या मते तिचं मोल याच गोष्टीत आहे. एरवी द्रवात गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयवर उजळ दिसणाऱ्या धातूचं संयुग, मिसळून एमआरआयवर पसारा पाहतात. पण गॅडोलिनियमचा रेणू वेगळा, औषधाचा वेगळा. औषध लवकर धुऊन गेलं तरी चित्र भरलेलंच दिसू शकतं.

या आजाराची मुलं एका रुग्णालयात वर्षाला मोजकीच येतात. त्यात प्रत्येक केंद्राचा कॅथेटर निराळा, वेग निराळा. मग एक चाचणी फसली, तर औषध निकामी होतं की ते पोहोचलंच नव्हतं, हे ठरवायचं कसं? ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातून चालणारा मुलांच्या मेंदूच्या गाठींसाठीचा ड्रग डिलिव्हरी कन्सॉर्टियम (औषध पोहोचवण्यावर काम करणारा संयुक्त गट) सर्जन, रसायनशास्त्रज्ञ, अभियंते आणि औषध कंपन्यांना एका टेबलाशी बसवतो, तो याच कोंडीसाठी. त्या टेबलावर प्रत्येक मुलामागे निदान एवढ्या नोंदी यायला हव्यात: कॅथेटरचा व्यास, टोकाची जागा, वेग, एकूण द्रव, गाठीचा किती भाग भिजला, आणि द्रव मागे आलं असेल तर कितव्या मिनिटाला.