स्वस्त चाकूत पैसा कुठे जातो

मंडळी, महागड्या चाकूंवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे आज मी स्वस्त चाकू घेतलाय. घडीचा, खिशात मावणारा, जुन्या घडणीचा. पाठीत स्प्रिंग, नखाने उघडायचं पातं, मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्ट्या. दिसायला इतका साधा की स्वस्तात चांगला बनायला काय हरकत आहे, असं वाटतं. पण स्वस्तात नीट बनवायला हाच चाकू भारी अवघड.

का, ते सांगतो. या चाकूला लॉक नसतो. पातं उघडं राहतं ते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर. पात्याचं जे बूड मुठीत बसतं ते साधारण चौकोनी घासलेलं असतं. चाकू मिटलेला असताना स्प्रिंग त्याच्या एका बाजूवर टेकते, उघडल्यावर दुसऱ्या, आणि काही चाकूंत अर्ध्यावर थांबा असतो तिथे तिसऱ्या. या बाजू पातं ज्यावर फिरतं त्या मधल्या खिळीपासून बरोबर सारख्या अंतरावर असल्या, तरच स्प्रिंगची पाठ प्रत्येक वेळी मुठीच्या कडेशी सपाट राहते. एखादी बाजू केसभर जास्त घासली गेली की स्प्रिंग तिथे आत बुडते, कमी घासली की वर येते. हे जुळवायला कारागीर चाकू कच्चा जोडतो, बघतो, सोडतो, बुडावर कानस मारतो, परत जोडतो. या वेळेचे पैसे स्वस्त चाकूच्या किमतीत बसत नाहीत. मग कारखाना काय करतो? जुळवाजुळव सोडून देतो आणि मुठीला पॉलिश मारतो. पॉलिश दिसतं ना!

म्हणून असा चाकू हातात आला की पात्याचं टोक आणि मुठीवरचं नक्षीकाम राहू द्या बाजूला. पाठीवरून बोट फिरवा. मिटलेला असताना, अर्धा उघडून, पूर्ण उघडून. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. पायरी लागली म्हणून चाकू टाकाऊ ठरत नाही. कापायचं काम तो करेलच. पण आत किती लक्ष दिलंय त्याचा अंदाज येतो. नंतर चाकू उजेडासमोर आडवा धरा. स्प्रिंग आणि मुठीच्या पट्ट्यांखालचे पत्रे यांच्यात उजेडाची रेघ दिसली, तर ओल तिथूनच आत शिरणार आणि गंज आतून चढणार.

पातं उघडून टोकाशी धरा आणि हलवून बघा. डावी-उजवीकडे डुलत असेल तर काळजी नको. खिळीचं एक डोकं ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर हलक्या हातोडीचे चार ठोके दिले की पातं घट्ट होतं. फार ठोकलंत तर मात्र उघडणारच नाही. वर-खाली हलत असेल तर प्रकरण वेगळं. तिथे बूड आणि स्प्रिंग यांची गाठच चुकलेली असते, आणि ती घरी दुरुस्त होत नाही. असा चाकू सरळ परत करावा.

आता एक दोष, जो फार कमी लोक तपासतात. चाकू मिटताना धार स्प्रिंगला लागता कामा नये. त्यासाठी पात्याच्या मागच्या टोकाला, धारेच्या बाजूने, एक छोटी टाच ठेवलेली असते. मिटल्यावर ती स्प्रिंगवर टेकते आणि धार अधांतरी राहते. टाच जास्त घासली गेली असेल तर पातं खटकन मिटताना धारेचा मधला भाग स्प्रिंगवर आपटतो. दहा-बारा वेळा मिटवा, मग पातं दिव्याखाली धार वर करून धरा. नीट धारेवरून उजेड परतत नाही. आपटलेल्या जागी मात्र चमकता ठिपका दिसतो. कागद कापताना तो नेमका तिथेच अडतो, आणि माणूस पोलादाला शिव्या देत बसतो. उपाय सोपा आहे: मुठीच्या खाचेत, पात्याचं पोट जिथे उतरतं तिथे, चामड्याचा पातळ तुकडा चिकटवा आणि मिटवताना बोटाने आवरून मिटवा.

स्प्रिंग जितकी कडक तितका चाकू चांगला, हेही खरं नाही. नख मोडेपर्यंत कडक स्प्रिंग ही बहुधा न जुळलेली स्प्रिंग असते.

ही सगळी कटकट काहींनी रचनेतच टाळली, आणि मला खरं कौतुक त्यांचं वाटतं. फ्रान्सच्या सव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये जो चाकू केला, त्यात स्प्रिंगच नाही. लाकडी मूठ, तिला चीर, टोकाला धातूचं कडं, एक खीळ आणि पातं. 1955 मध्ये वरून एक फिरतं कडं आलं, ते फिरवलं की पातं अडकतं. जुळवायचं असं फारसं काहीच उरत नाही, त्यामुळे पैसा पात्यात जातो. खोट एकच: लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि पातं आवळून धरतं. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, पात्याचं टोक वर येतं. जपानचा हिगोनोकामी त्याहून साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्यामागे एक शेपटी. कापताना अंगठा त्या शेपटीवर दाबून ठेवायचा, लॉकचं काम अंगठाच करतो. फ्रान्समधल्याच तिएरचा डूक-डूक, 1929 चा, त्याची मूठही पत्र्याचीच. स्प्रिंग आहे आणि चांगली करकरीत आहे, पण पट्ट्या नाहीत, नाजूक फिटिंग नाही.

उलट्या वाटेने गेले ते स्विस. व्हिक्टोरिनॉक्सचा 1897 मध्ये नोंदवलेला ऑफिसर चाकू स्प्रिंगवरच चालतो, एकेका स्प्रिंगवर दोन-दोन अवजारं. त्यांनी हातकाम टाळण्याऐवजी यंत्रं इतकी नेमकी केली की कानस मारायची वेळच येऊ नये. रॉकवेल मापावर त्यांच्या पात्याचा कडकपणा 56 च्या आसपास, स्प्रिंगचा 49. पात्याला धार टिकवायची असते, स्प्रिंगला न मोडता वाकायचं असतं. एकच पाणी, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून दिलेला कडकपणा, दोघांना चालत नाही. सुमार चाकूची स्प्रिंग वर्षभरात लुळी पडते ती बहुतेक इथेच.

पोलादाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. 1095 नावाचं पोलाद म्हणजे सुमारे 0.95 टक्के कार्बन; झटकन धार घेतं, तितक्याच झटकन गंजतं. 440ए या स्टेनलेस पोलादात कार्बन कमी, क्रोमियम 16 ते 18 टक्के, गंजाला टिकतं. दोन्हींचे चाकू छान असू शकतात आणि दोन्हींचे रद्दीही. पाणी नीट दिलं नसेल तर पात्यावर कोरलेल्या नावाला अर्थ नाही. स्वस्तातल्या लाटालाटांच्या नक्षीच्या पात्यांवर तर मी पैसे घालणार नाही. ती नक्षी पुष्कळदा पोलादाच्या थरांची नसतेच, नुसती ॲसिडने उठवलेली असते.

विकत घेतल्यावर एक काम मात्र लगेच करा. सांध्यात पॉलिशची भुकटी अडकलेली असते, आणि ती कुरुंदासारखी घासते. साबणाच्या कोमट पाण्यात चाकू पन्नासेक वेळा उघडा-मिटा. पाणी काळं होईल. ते ओता, नवं घ्या, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करा. मग पूर्ण कोरडा करून सांध्यात तेलाचा एक थेंब. उघडताना खरखरणारे चाकू यानेच मऊ होतात. कारखान्याची धार बहुतेक वेळा जाड आणि दोन बाजूंनी असमान असते. निसण्यावर ती आधी सारखी करून घ्या आणि मगच चाकू कामाला लावा.