दाताचा एक्सरे: काळं दिसलं म्हणजे कीडच असं नाही

माईक चालू आहे का? नसला तरी चालते. अर्धं आयुष्य तोंड उघडं ठेवलेल्या माणसांशी बोलण्यात गेलं, त्यांना उलट बोलता येत नाही, त्यामुळं मला एकट्यानंच बोलायची सवय आहे.

फळ्यावर मंडळींनी लिहिलंय 'दंत क्ष-किरणातील मूलभूत संकल्पना'. हे नाव माझं नाही बरं. मी म्हटलं होतं, एक्सरे कसा पाहायचा ते सांगतो. आपल्याकडे एक्सरेचा लिफाफा सातबाऱ्यासारखा पेटीत जपून ठेवतात, उघडून मात्र कोणी पाहत नाही. आणि जो पाहते तो पहिलं विचारते, "डॉक्टर, हे काळं दिसून राहिलं, हेच कीड ना?" त्या एका प्रश्नापायी मी आज इथं आलो आहे.

27 वर्षं झाली, दवाखाना नवाच होता. बसस्टँडमागं दोन खोल्या, फिल्म धुवायची अंधारी खोली, डार्करूम, म्हणजे बाथरूमच्या दाराला काळं ब्लँकेट. भारनियमनाचा फायदा झालेली तालुक्यातली एकमेव जागा ती. पण मशीनला लाइन लागते ना, मग लाइन येईस्तोवर पेशंट आणि मी कपाशीच्या भावावर बोलत बसायचो. उन्हाळ्यात आणखी वेगळी गंमत, डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, 20 डिग्रीला असला तर फिल्म साधारण 5 मिनिटांत नीट निघते, आणि आपल्याकडे मे महिन्यात 45, म्हणजे फिल्म टाकली की काळीठिक्कर. मग बाटल्या माठातल्या पाण्यात ठेवायच्या. प्यायचा माठ वेगळा होता, हसू नका.

तर एक बावाजी आले, सोबत पोरगा आणि पोराचा साळा. खालची दाढ सुजलेली. आधी एका बाईकडून भुईरिंगणीच्या बियांचा धूर घेऊन झालेला, तिनं पाण्यात पडलेले पांढरे किडे पण दाखवले होते. ते किडे नसतात हो, बियांतलेच तुकडे असतात, पण दुखणाऱ्या माणसाला कोण सांगेल? मी आपला नवा डॉक्टर, मोठ्या ऐटीत म्हटलं, एक्सरे काढू, कीडबीड काही नसते हे डोळ्यानं पहा.

आणि गडबडीत फिल्म उलटी ठेवली.

आता ही फिल्म कशी असते ते सांगतो. दीडेक इंचाचं पाकीट, आत काळा कागद, त्यात फिल्म आणि मागच्या अंगाला शिशाचा पातळ पत्रा. पलीकडं जाणारे किरण तो अडवते आणि मागून उलटून येणाऱ्या किरणांनी फिल्म खराब होऊ देत नाही. पाकिटाची पांढरी बाजू मशीनकडं पाहिजे, कोपऱ्यातला फुगीर ठिपका पण मशीनकडंच. उलटी ठेवली की किरणांना आधी शिसं लागते, फोटो फिका येते आणि पत्र्यावरची नक्षी फिल्मवर उमटते. त्या काळच्या पत्र्यावर तिरप्या रेघांच्या ओळी असत, ट्रॅक्टरच्या टायरच्या खुणेसारख्या.

मी ओली फिल्म खिडकीपाशी धरली अन् मागून साळा ओरडला, "दिसली! पाय पहा किती हायेत!"

मी म्हणतो शिशाचा पत्रा, ते म्हणतात गोम. पुन्हा फिल्म काढली, या वेळी सरळ. पाय गायब. बावाजीनं दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी धरल्या, शांतपणे पाहिल्या आणि म्हणाले, "पहा, करंटनं मेली." पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावची सहा माणसं दारात, आमची बी कीड मारून द्या म्हणून.

काय झालं? चिठ्ठी? अहो, आठला हॉल भजनी मंडळाला द्यायचा आहे म्हणतात. 12 मिनिटं. बरं, विषयावर येतो.

एक्सरे म्हणजे सावली, एवढं धरून ठेवा. जे किरणांना अडवते ते पांढरं, त्याला रेडिओपेक म्हणतात. जे जाऊ देते ते काळं, रेडिओल्युसंट. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, 96 टक्के खनिज, म्हणून पांढरंशुभ्र. चांदीचं फिलिंग त्याहून पांढरं. मधली नस मऊ, म्हणून ती काळी, आणि ती काळीच असायला पाहिजे! मुळाभोवतीची बारीक काळी रेघ पण नॉर्मल. बावाजींच्या सरळ फिल्ममध्ये मुळाच्या टोकाला काळा गोल होता, तिथं पूनं हाड खाल्लं होतं, खरा आजार तो. पायांच्या नादात तिकडं कोणी पाहिलंच नाही. आणि कीड लागली, म्हणजे किडा नव्हे, दात सडायला लागला, तरी 30-40 टक्के खनिज जाईस्तोवर एक्सरेत दिसत नाही, म्हणून एक्सरे चांगला तर दात चांगला असं समजू नका.

सावलीचं दुसरं, कोन. दुपारी बारा वाजता तुमची सावली बुटकी, सांजच्याला लांब. मशीनची ट्यूब, म्हणजे किरण सोडणारी नळी, जास्त उभी धरली की दात बुटका येते, कमी धरली की लांबच लांब. बुटक्याला फोरशॉर्टनिंग म्हणतात, लांबट्याला इलाँगेशन. ट्यूबचा नेम चुकला की कोपरा कोरा राहते, तो कोनकट. दोन मुळं एकामागं एक लपली तर ट्यूब थोडी सरकवून दुसरा फोटो.

प्रकार पटकन. आयओपीए म्हणजे दोन-तीन दात मुळासकट. बाइटविंग म्हणजे चावून धरायचा, दोन दातांच्या फटीतली कीड पाहायला. ओपीजी, मशीन डोक्याभोवती फिरते, अख्खा जबडा एकदम, अक्कलदाढेसाठी बरा. आरव्हीजी म्हणजे फिल्मऐवजी सेन्सर, फोटो लगेच स्क्रीनवर, माझं ब्लँकेट त्यानंच रिटायर केलं. सीबीसीटी थ्री-डी, पण किरणांचा डोस जास्त, गरज असली तरच.

डोसचं सगळे विचारतात. जमीन, हवा, आकाश यांतून आपल्याला रोज थोडं रेडिएशन मिळतेच, जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट, हे डोसचं माप. लहान एक्सरे म्हणजे साधारण त्यातल्या एखाद दिवसाचा वाटा. पोटात बाळ असलं तर आधी सांगा. "मग डॉक्टर काहून पळून राहिला बाहेर?" बाप्पा, तुमचा वर्षाचा एक, माझे रोजचे वीस! 1896 मध्ये जर्मनीत वॉल्कहॉफनं दाताचा पहिला एक्सरे काढला तेव्हा 25 मिनिटं किरण घेतले, आता सेकंदाचा तुकडा लागते. अमेरिकेतल्या केल्स नावाच्या डेंटिस्टनं वर्षानुवर्षं हात किरणांत घातला, आधी बोटं गेली, मग हात. म्हणून डॉक्टरनं फिल्म स्वतःच्या हातानं धरायची नाही, होल्डर वापरायचा, नाही तं पेशंटचं बोट.

टाळ वाजायला लागले. जुने एक्सरे आणले असतील ते खिडकीपाशी या, ट्यूबलाइट धरून ठेवतो. फक्त कडेनं धरा, खर्रा घोटलेली बोटं मधात लावू नका, मग तो डाग पण कीड म्हणून दाखवाल मला.