मिठाने लावलेली परीक्षा

नमस्कार श्रोतेहो. अंगात उठून बसायचंही त्राण नाही आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. क्रॉनिक फटीग सिंड्रोम झालेल्या माणसाची कहाणी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, साखर ठीक. मग घरातलेच म्हणू लागतात, "मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ नाहीत हे. रात्रभर झोपल्यावर उतरतो तो साधा थकवा. या आजारात आज अंघोळ केली, कुणाशी तासभर बोललं, की उद्या-परवा माणूस आडवा होतो आणि कित्येक दिवस उठत नाही. श्रम आज, घसरण उद्या. ही खूण लक्षात ठेवा. १९८८ साली अमेरिकेत या आजाराला हे नाव मिळालं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. नावात 'थकवा' आला की ऐकणारा म्हणतो, "दमतो की आम्हीही!" आजाराचं नाव ठरवताना तो भोगणाऱ्यांना आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

आता अमेरिकेतल्या एका बापाची गोष्ट सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉन डेव्हिस हे जनुकशास्त्रातलं मोठं नाव. मानवी जनुकांचा नकाशा तयार झाला त्या कामात त्यांचा वाटा होता. त्यांच्या तरुण मुलाला हा आजार जडला, तोही अगदी तीव्र. अंधारी खोली, बोलणं बंद, अन्न नळीतून. बापाने आपलं सगळं शास्त्र या एका आजाराकडे वळवलं.

खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघून तो किती दमलाय, हे कळतं का? नाही कळत. त्याला जिना चढायला लावा, मग कळेल. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या पेशींना असाच जिना चढायला लावला, आणि त्यासाठी वापरलं काय? मीठ! भोवती मीठ वाढलं की आत शिरणारं सोडियम बाहेर फेकायला पेशीला शक्ती खर्चावी लागते. रक्ताचा तो छोटासा नमुना त्यांनी एका चिपवर ठेवला. चिपवर २,५०० बारीक इलेक्ट्रोड. नमुन्यातून वीज जाताना किती अडते, हे ते क्षणोक्षणी मोजत होते. निरोगी माणसांच्या नमुन्यात आलेख फारसा हलला नाही. रुग्णांच्या नमुन्यात तो सरळ वर चढत गेला. २० रुग्ण, २० निरोगी, आणि दोन्ही गट स्वच्छ वेगळे! २०१९ साली हा निबंध छापून आला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या दोन रेषांकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो. ज्यांना कुणी खरं मानत नव्हतं, त्यांच्या बाजूने त्यांचं रक्तच साक्ष देत होतं.

मग ही चाचणी दवाखान्यात का नाही? कारण ती फक्त ४० जणांवर झाली, आणि तुलना झाली ती निरोगी माणसांशी. डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा असतो: हा तोच आजार, की ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखा थकवणारा दुसरा आजार, की नैराश्य? तिथे टिकली तरच ती चाचणी. घाई महागात पडते. २००९ साली एका निबंधाने या आजारासाठी एका विषाणूवर बोट ठेवलं, रुग्ण आशेला लागले, आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला.

तोवर निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून, आणि दुसरे आजार नाहीत ना, हे तपासून. म्हणून एक वही करा. आज काय केलं ते लिहा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं तेही लिहा. पुन्हा सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचंही. रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नये, असं उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्येच सांगितलं आहे. तसा सल्ला मिळाला, तर ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा.