आधी ठिपका, मग शब्द

श्रोतेहो, नमस्कार. "कसं वाटतंय?" असं विचारलं की आपल्याकडे दोनच उत्तरं येतात: "बरं आहे" नाहीतर "टेन्शन आलंय". त्या एका टेन्शनमध्ये परीक्षेची धास्ती, घरच्यांवरचा राग, झोप न झाल्याचा शीण असं सगळं कोंबलेलं असतं. ते सोडवायला कागद-पेन्सिल फार उपयोगी पडते.

कागदावर मधोमध एक आडवी आणि एक उभी रेघ मारा. आडवीच्या डाव्या टोकाला 'नकोसं' लिहा, उजव्या टोकाला 'हवंसं'. उभीच्या वर 'अंगात जोर', खाली 'गळून गेल्यासारखं'. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० साली भावनांची मांडणी याच दोन अंगांनी केली होती. आत्ता या क्षणी तुम्ही कुठे आहात, तिथे ठिपका द्या. शब्द नंतर शोधायचा. डावीकडे वर चीड, धास्ती, मत्सर. डावीकडे खाली उदासी, कंटाळा. शब्द अडलाच तर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांकडे, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणाऱ्या भावनांकडे वळा: शंका, असूया, ग्लानी, दैन्य, विषाद. किती नेमके शब्द आहेत आपल्याकडे!

चीड आणि धास्ती एकाच कोपऱ्यात येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. अशा वेळी माणसाची नुसती बाह्याकृती काढा. जिथे ऊब किंवा ताण जाणवतो तिथे लाल रंग, जिथे जड, थंड वाटतं तिथे निळा. फिनलंडमधल्या संशोधकांनी लोकांना असंच रंगवायला सांगितलं, तेव्हा रागात हातही तापलेले दिसले, भीतीत भर छातीवर होता आणि उदासीत हातपाय थंडावलेले.

रोज ठिपका मधोमधच पडत असेल, तर बहुधा तुम्ही अख्ख्या दिवसाची सरासरी काढताय. भांडण झाल्यावरच कागद काढलात तर सगळे ठिपके डावीकडेच जमणार. म्हणून वेळ ठरवा: सकाळच्या चहानंतर आणि झोपण्यापूर्वी. शेजारी वेळ आणि काय घडलं, ते एका ओळीत.

लहान मुलांना तीस चेहऱ्यांचा तक्ता देऊ नका. ती त्यातला आवडता चेहरा निवडतात. चार पुरेत. आणि मुलाचा ठिपका कधीही खोडून काढू नका. "एवढं काय झालं रागवायला?" असं एकदा म्हटलंत, की दुसऱ्या दिवशी ते आईला आवडेल तिथे ठिपका देतं.

दोन आठवडे ठिपके डावीकडे खालीच राहिले, झोप-भूक उडाली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र दोन आठवडे थांबू नका, लगेच फोन करा.