वाढवलेल्या बांगड्यांचा बांगडा

नमस्कार श्रोतेहो. परळला आमच्या चाळीची रस्त्याकडची भिंत तुमच्यापैकी काहींच्या पाहण्यातली असेल. चाळीस फूट लांब, आणि गेल्या दिवाळीपर्यंत तिच्यावर फक्त ‘येथे थुंकू नये’ एवढंच होतं. लोक वाचायचे आणि थुंकायचे. तिथं आता आम्ही चाळकरी तुकड्यांचं चित्र लावतोय. त्याला ज्यांनी सामान दिलं, त्यांचे आभार मानायला आज आलेय.

अडचण एकच, देणाऱ्यांची नावं ठाऊक नाहीत. जिन्याखाली आम्ही एक खोकं ठेवलं होतं. सकाळी बघावं तर आत शर्टाची बटणं, कपाचा तुटका कान, लादीचे टवके, एकदा तर बिनकुलपाची किल्ली. कुणी समोर आलंच तर ओशाळून म्हणायचं, ‘फार काही नाही हो, टाकायचंच होतं.’

लालबागच्या एका कासारीणबाईंनी पिशवीभर काच आणून दिली. मी बोलून गेले, ‘एवढ्या फुटल्या?’ त्यांनी तिथंच थांबवलं. ‘फुटल्या नाही म्हणायचं गं, वाढवल्या!’

चंदीगडला नेकचंद यांनी टाकाऊ मालातून उभारलेली रॉक गार्डन १९७६ साली लोकांना खुली झाली. तिथं बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या मूर्ती आहेत. त्यांचे फोटो बघून आम्हीही हुरूप धरला, पण आमच्या काचा वाळल्यावर टपाटप गळायला लागल्या. गुळगुळीत काच सिमेंट धरत नाही. मग शेजारच्या इमारतीत गच्चीचं काम करणारे एक मिस्त्री धावून आले. मुंबईच्या गच्च्यांवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक असतं ना, तेच त्यांचं काम. म्हणाले, ‘ताई, वरवर ठेवू नका. ओल्यातच अर्धा बुडेपर्यंत दाबा.’ मजुरी विचारली तर हसले, आणि जाताना उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांची गोणी ठेवून गेले. ते पांढरं पोटाला, हिरव्या काचांच्या कमानी पाठीवर, एकीत एक बसवून खवल्यांसारख्या. बांगड्यांचा बांगडा झाला! डोळ्याला कोटाचं काळं बटण.

आम्ही खूश. पण टोपली घेऊन जाणाऱ्या मावशी थांबल्या, न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘हिरवीगार पाठ? बांगड्याची निळसर पायजे.’ मासळीतलं त्यांच्यापेक्षा आम्हाला काय कळणार?

तेव्हा ऐकणाऱ्या बायांनो, निळ्या बांगड्या वाढवल्यात तर केरात टाकू नका. पाऊस लागायच्या आत सांधे भरून व्हायला हवेत, मे महिना हाताशी आहे. आणि या वेळी खोक्यात गुपचूप टाकून पळू नका. दुसऱ्या मजल्यावर या, चहा टाकते.

ती किल्ली ज्यांची असेल त्यांना एक निरोप. आम्ही ती अजून भिंतीत लावलेली नाही. डब्यात जपून ठेवली आहे. चुकून आली असेल, तर घेऊन जा.