फेमस : मुळाशी चेहरा नव्हे, आवाज

'फेमस' म्हटलं की चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण या शब्दाच्या मुळाशी आहे तो आवाज.

लॅटिनमध्ये 'फारी' म्हणजे बोलणं. त्यातून आला 'फामा', म्हणजे लोक जे बोलतात ते. बातमी, वदंता, लौकिक, सगळ्यांना हा एकच शब्द. बोलणं चांगलं की वाईट, याची त्यात वाटणी नव्हती.

रोमन कवी व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये वारला. त्याच्या 'इनीड' महाकाव्याच्या चौथ्या सर्गात ही फामा साक्षात अवतरते. अंगावर जितकी पिसं, तितकेच डोळे, तितक्याच जिभा, तितकेच टवकारलेले कान. आधी भित्री, एवढीशी. बघता बघता पाय जमिनीवर आणि डोकं ढगांत! रात्री तिचा डोळा लागत नाही. राणी डायडो आणि इनीअस यांच्या प्रेमाची बातमी ती गावोगाव पोचवते, खऱ्याबरोबर खोटंही तितक्याच ठामपणे सांगते. तोंडोतोंडी पसरणाऱ्या गोष्टीचं इतकं जिवंत चित्र क्वचितच कुणी काढलं असेल.

'फामा'चं विशेषण 'फामोसुस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुष्कळदा 'बदनाम' असाच होई. रोमन कायद्यात 'लिबेलुस फामोसुस' म्हणजे बदनामी करणारा मजकूर. फ्रेंचमार्गे 'फेम' 13व्या शतकात इंग्रजीत आला, 'फेमस' 14व्याच्या अखेरीस. आज 'फेमस'ला चांगला अर्थ चिकटला आहे आणि वाईटाचा भार 'इन्फमस'वर पडला आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. 'इन्फमस' म्हणजे 'फेमस नसलेला' नव्हे, तर वाईट कारणाने गाजलेला. आणि उच्चार 'इन-फेमस' नाही. जोर पहिल्या 'इन्'वर येतो, त्यामुळे 'फे'चा एकार विरतो आणि 'फ' उरतो.

याच 'फारी'च्या घरातला 'इन्फंट', म्हणजे अजून न बोलणारं मूल. 'फेबल' म्हणजे सांगितलेली गोष्ट, 'फेट' म्हणजे उच्चारलं गेलेलं विधान, पुढे विधिलिखित. 'फॅमिली' आणि 'फॅमिन' मात्र या घरातले नाहीत. एकाचं मूळ नोकर, दुसऱ्याचं भूक.

मराठीतली 'ख्याती' पाहा. संस्कृत 'ख्या' धातूचा एक अर्थ सांगणं. आख्यान, व्याख्यान त्यातूनच आले. म्हणजे ख्यातीसुद्धा सांगण्यातूनच जन्मली. त्याच धातूला 'वि' लागला की विख्यात, 'कु' लागला की कुख्यात.