काढायची तारीख कुणाला दिसते?

मंडळी, लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, जुना ड्रायव्हर (एखादं हार्डवेअर चालवणारा कोड) काढायला मिनिटभर पुरतं. अवघड असतात ती त्याआधीची दोन-तीन वर्षं.

जुना कोड पडून राहिला तर कुणाचं काय जातं, असं मला नेहमी विचारतात. जातं हो. कर्नलच्या आतले इंटरफेस, म्हणजे त्याच्या भागांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती, सतत बदलत असतात. एका फंक्शनचा एक पॅरामीटर बदलला, की ते वापरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला हात लावावा लागतो. ज्याचं हार्डवेअर आता कुणाकडेच नाही, त्यालाही. मग तपासणार कशावर? कंपाइल झालं की चाललं, असं धरून पुढे जायचं.

इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचंच घ्या. मेमरीच्या पानावर (तुकड्यावर) ‘फक्त वाचा’ अशी खूण असली, तरी कर्नल मोडमध्ये, म्हणजे कर्नलचा स्वतःचा कोड चालू असताना, हा प्रोसेसर ती जुमानत नसे. म्हणून वापरकर्त्याच्या मेमरीत लिहिण्याआधी कर्नललाच वेगळी तपासणी करावी लागे. एका चिपपायी हा जादा कोड वर्षानुवर्षं सांभाळला गेला. १९९१ मध्ये लिनक्स जन्मला तो ३८६ वरच, तरी फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत त्याचा सपोर्ट गेला. मला तो निर्णय पूर्ण पटतो.

आता तारखांकडे येऊ. लिनक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पूर्वी काढायच्या गोष्टींचं वेळापत्रक असलेली एक फाइल होती. काय, कधी, का आणि कोण, अशा नोंदी. यातला ‘कोण’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. काम अंगावर घेणारं माणूस नसेल तर तारीख नुसती उलटून जाते. अर्थात माणूस असूनही उशीर होतोच. डेव्हएफएस या डिव्हाइस फाइली सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेसमोर जुलै २००५ लिहिलं होतं, प्रत्यक्षात ते गेलं २००६ मध्ये, २.६.१८ बरोबर. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी ती फाइलच काढून टाकली.

माझ्या मते तिची खरी अडचण वेगळी होती. ती वाचत कोण? कर्नलवर काम करणारेच. जुनं कार्ड लावून बसलेला माणूस ती कशाला उघडेल? तो चार-पाच वर्षांनी एकदा सिस्टिम अपग्रेड करतो आणि तेव्हा त्याला कळतं. तोवर तो गप्प असतो, आणि आपण त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘कुणी वापरत नाही’ असा लावतो.

रायझरएफएस या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीच्या, वेळी हे नीट झालं. २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत ती फाइल सिस्टिम कालबाह्य ठरवली आणि डिस्क माउंट केली (वापरासाठी जोडली) की लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, एक ओळ उमटू लागली: ही २०२५ मध्ये कर्नलमधून काढली जाणार आहे. ज्याच्या डिस्कचा प्रश्न, त्याच्याच मशीनवर, वर्षासकट. जानेवारी २०२५ मध्ये ६.१३ आली, तिच्यात रायझरएफएस नव्हती. आधीची ६.१२ मात्र दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिच्यात आहे. ज्याचं राहून गेलं त्याने ६.१२ वर मशीन सुरू करावं, जुनी डिस्क माउंट करावी आणि सगळा डेटा ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर उतरवून घ्यावा.